विषाची वही कोणाच्या हाती?

१/
‘व्हिसेरा राखून ठेवण्यात आला असून तो तपासणीसाठी कलिन्याला पाठवण्यात आला आहे.’ मुंबईची मराठी वृत्तपत्रे वाचणाऱ्याच्या डोळ्यांखालून हे वाक्य शेकडो वेळा गेलेले असते. बातमी तिथे संपते आणि आपण पान उलटतो. सांताक्रूझ पूर्वेच्या त्या न्यायसहायक प्रयोगशाळेत पुढे काय होते, तेथील रसायनज्ञ आपला निष्कर्ष कशाशी ताडून पाहतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आजचा धागा त्या ‘कशाशी’विषयी आहे.

२/
कोणता पदार्थ, किती मात्रेत, कोणत्या वाटेने शरीरात गेला असता किती वेळात काय करतो आणि त्यावर उतारा कोणता, या प्रश्नांची उत्तरे एकत्र ठेवणाऱ्या ग्रंथांना आणि संगणकीय संग्रहांना आपण विषमाहितीकोश म्हणू. माझे म्हणणे आरंभीच सांगतो. या कोशांतील कित्येक नोंदी आपल्यासारख्याच शहरांतील मृत्यूंवरून लिहिल्या गेल्या आहेत. तरीही ते कोश आपल्या उपनगरांतील माणसांच्या हाती आलेले नाहीत. उणीव ज्ञानाची नाही, ते पोहोचवण्याच्या व्यवस्थेची आहे.

३/
विषांची यादी करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग अगदतंत्राचे, म्हणजे विषचिकित्सेचे. सुश्रुतसंहितेतील कल्पस्थान याच विषयाला वाहिलेले आहे. राजाच्या अन्नात विष आहे की नाही हे कसे ओळखावे, याची चर्चा त्यात विस्ताराने येते. ज्ञान वैद्यापाशी होते आणि त्याचा पहिला लाभार्थी राजा होता. विषाची माहिती सत्तेच्या जवळ राहते, ही खूण येथूनच लक्षात ठेवू.

४/
इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यासाठी सरकारी रासायनिक विश्लेषकाचे कार्यालय १८७०मध्ये उभे राहिले. या पदावर काम केलेले आयझिडोर बर्नाडॉट लायन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. १८८०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हिंदुस्थानासाठी न्यायवैद्यकाचा ग्रंथ लिहिला. सोमल, धोत्रा, बचनाग, अफू, कण्हेर या आपल्या मातीतील विषांच्या नोंदी त्यात प्रत्यक्ष खटल्यांच्या दाखल्यांसह आल्या. आजही महाराष्ट्राच्या न्यायालयांत वकील ज्याला ‘सी. ए. रिपोर्ट’ म्हणतात, त्यातील ‘सी. ए.’ म्हणजे तोच केमिकल अॅनालायझर.

५/
लायन यांच्या ग्रंथाचा वाचक कोण होता? डॉक्टर, पोलीस आणि न्यायाधीश. ग्रंथ उघडला जाई तो माणूस मेल्यानंतर. विषाची माहिती त्या काळी गुन्ह्याच्या शाबितीसाठी होती, जीव वाचवण्यासाठी नव्हती. हा दोष लायन यांचा नव्हे, त्या कार्यालयाचे कामच ते होते. परंतु विसाव्या शतकात विष धोतऱ्याच्या बीमधून आणि सोमलाच्या पुडीतून बाहेर पडून कारखान्याच्या पिंपात शिरले. तेव्हा मेल्यानंतर उघडायची वही पुरेशी ठरेना.

६/
१९२७मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी विषारीपणा मोजण्याचे एक माप सुचवले. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात ती मात्रा म्हणजे ‘एलडी-५०’. आकडा जितका लहान, विष तितके जहाल. या मापामुळे दोन पदार्थांची तुलना शक्य झाली. मात्र हा आकडा बहुधा उंदरांवरून येतो आणि तो केवळ मरणाचा असतो. दृष्टी जाणे, मूत्रपिंड निकामी होणे, वीस वर्षांनी कर्करोग होणे या गोष्टी त्या एका आकड्यात मावत नाहीत. त्या कळतात त्या माणसांवर ओढवलेल्या प्रसंगांतून.

७/
असा एक प्रसंग १९३७चा. अमेरिकेतील मॅसेन्गिल कंपनीने सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात विकायचे ठरवले आणि ते डायएथिलिन ग्लायकॉल या द्रवात विरघळवले. चव पाहिली, रंग पाहिला, सुगंध पाहिला. विषारीपणा कोणी तपासला नाही. शंभरावर माणसे दगावली आणि त्यांत अनेक लहान मुले होती. तेव्हाच्या कायद्यात औषध विकण्यापूर्वी सुरक्षितता सिद्ध करण्याची अटच नव्हती. ती १९३८च्या नव्या कायद्याने आली. या द्रवाचे नाव लक्षात ठेवा, तो पुढे आपल्याच शहरात भेटणार आहे.

८/
१९७०मध्ये अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला आणि त्यात सरकारवर एक जबाबदारी टाकण्यात आली: ज्ञात विषारी पदार्थांची यादी दरवर्षी प्रसिद्ध करावी. १९७१च्या पहिल्या यादीत सुमारे ५,००० रसायने होती. पुढे ‘आरटेक्स’ या नावाने ती वाढत गेली आणि २००१पर्यंत दीड लाखाचा टप्पा ओलांडून गेली. येथे वहीचा हेतू बदललेला दिसतो. ती आता खटल्यासाठी नव्हती. पिंप उघडणाऱ्या हातासाठी, पिंप उघडण्यापूर्वी ती लिहिली जात होती.

९/
एकाच रसायनाला दहा नावे असतात: शास्त्रीय, व्यापारी आणि बाजारी. घोटाळा टळावा म्हणून प्रत्येक पदार्थाला ‘सीएएस’ क्रमांक दिला जातो. मिथेनॉलचा क्रमांक ६७-५६-१. शेवटचा १ हा पडताळ्याचा अंक आहे. उरलेले अंक उजवीकडून १, २, ३, ४ने गुणून बेरीज करा: ६ अधिक १० अधिक २१ अधिक २४, म्हणजे ६१, तिचा शेवटचा अंक १. लिहिताना एखादा अंक चुकला, तर बहुधा हा पडताळाच जुळत नाही. विषाच्या बाबतीत एका अंकाची चूकही परवडत नाही, या जाणिवेतून ही काळजी घेतलेली आहे.

१०/
आता भोपाळ. १९८४च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधली रात्र. मिथाइल आयसोसायनेट शहरावर पसरले. रुग्णालयांत माणसांची रीघ लागली आणि प्रारंभी डॉक्टरांना वायूचे नावसुद्धा खात्रीने ठाऊक नव्हते. उपचार कोणता करायचा यावर पुढे कितीतरी काळ वाद चालला. कारखाना वर्षानुवर्षे वस्तीशेजारी उभा होता, पदार्थ टाक्यांत साठवलेला होता. परंतु त्याच्या विषारीपणाविषयीची माहिती शहराच्या कपाटात नव्हती.

११/
भोपाळने कोशांच्या वाचनाचा एक नियम शिकवला. एखाद्या पदार्थापुढे ‘माहिती उपलब्ध नाही’ असे लिहिलेले असते, तेव्हा त्याचा अर्थ ‘कोणी तपासलेले नाही’ एवढाच असतो. ‘धोका नाही’ असा अर्थ त्यातून निघत नाही. व्यवहारात मात्र रिकामा रकाना पाहून लोक निर्धास्त होतात, आणि ज्यांना निर्धास्त राहणे सोयीचे असते ते तो रकाना रिकामाच ठेवतात.

१२/
भोपाळनंतर चौदा महिन्यांच्या आतच मुंबईची पाळी आली. जानेवारी-फेब्रुवारी १९८६मध्ये भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात मेंदूवरील व डोळ्यांतील दाब कमी व्हावा म्हणून काही रुग्णांना ग्लिसरीन देण्यात आले. हा रूढ उपचार होता. त्यानंतर रुग्णांची लघवी बंद होऊ लागली, मूत्रपिंडे निकामी झाली आणि १४ जण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल होते, १९३७चेच ते विष. त्याचे प्रमाण १८.५ टक्के होते.

१३/
दोन्ही द्रव रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर. बाटलीतून डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. क्रमांक मात्र निराळे: ग्लिसरीन ५६-८१-५, डायएथिलिन ग्लायकॉल १११-४६-६. दुसऱ्या क्रमांकाखाली काय लिहिलेले आहे हे जगाला १९३७पासून, म्हणजे ४९ वर्षे ठाऊक होते. जे. जे.मध्ये ज्ञानाची उणीव नव्हती. बाटलीवरच्या नावावर विश्वास ठेवला गेला आणि बाटलीत काय आहे हे कोणी पाहिले नाही.

१४/
न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. १९८८मध्ये लोकांसमोर आलेला अहवाल आजही वाचण्यासारखा आहे. पुरवठादार, रुग्णालयातील खरेदीची पद्धत, राज्याचे अन्न व औषध प्रशासन आणि राजकीय हस्तक्षेप या साऱ्यांवर त्याने ठपका ठेवला. एका कडीने जरी आपले काम केले असते तरी साखळी तुटली असती आणि विष रुग्णाच्या चमच्यापर्यंत आले नसते. कोश कितीही अचूक असला, तरी त्याच्याशी ताडून पाहणारा माणूस जागेवर हवा.

१५/
त्याच वर्षी मुंबईतील मेंदूशल्यचिकित्सक डॉ. सुनील पंड्या यांनी या घटनेविषयी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिले. डायएथिलिन ग्लायकॉलच्या विषबाधांचा इतिहास सांगणाऱ्या जगभरच्या लेखनात त्यानंतर एक ओळ येऊ लागली: मुंबई, १९८६, मृत्यू १४. आपल्या शहरातील चौदा माणसांचे मरण जागतिक ज्ञानात जमा झाले. परदेशातील एखादा औषधनिर्माता ती ओळ वाचून सावध झाला असेल, तर चांगलेच झाले. प्रश्न असा की ती ओळ आपण स्वतः वाचली का?

१६/
उत्तर फारसे सुखाचे नाही. १९९८मध्ये गुरगावात याच द्रवाने लहान मुले दगावली. २०२५च्या शरद ऋतूत मध्य प्रदेशातील छिंदवाड्याची मुले खोकल्याच्या औषधानंतर मूत्रपिंडे निकामी होऊन आजारी पडली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले गेले. वीसहून अधिक बालके गेली. तामिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाला त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल आढळले. १९३७ ते २०२५ हे अंतर ८८ वर्षांचे आहे.

१७/
आता उपनगरांकडे वळू. जून २०१५, मालाड पश्चिमेची मालवणी. १७ तारखेच्या रात्री वस्तीतील अनेकांनी गावठी दारू घेतली. दुसऱ्या दिवसापासून माणसे पडू लागली. अनेकांना कांदिवलीच्या शताब्दी रुग्णालयात नेण्यात आले. शंभराहून अधिक माणसे मेली. ती बहुतेक हातावर पोट असणारी होती. दारूत मिथेनॉल मिसळलेले होते, वर ज्याचा क्रमांक आपण पडताळून पाहिला तेच रसायन.

१८/
मिथेनॉल स्वतः लगेच मारत नाही. यकृत त्याचे फॉर्माल्डिहाइडमध्ये आणि मग फॉर्मिक आम्लात रूपांतर करते, आणि हे आम्ल दृष्टीच्या मज्जातंतूवर व साऱ्या शरीरावर घाला घालते. यास वेळ लागतो, कित्येकदा बारा ते चोवीस तास. म्हणून पिणाऱ्याला रात्री नेहमीचीच नशा वाटते. सकाळी डोके जड, पोटात मळमळ. तो पित्त समजून पडून राहतो. दुपारी डोळ्यांपुढे धुके येते, आणि तेव्हा रुग्णालय आठवते.

१९/
या विषाला उतारा आहे. साधे मद्यार्क, म्हणजे एथेनॉल, वैद्यकीय देखरेखीखाली दिले तर यकृत त्यातच गुंतून राहते आणि मिथेनॉलचे रूपांतर थांबते. फोमेपिझोल हे औषधही तेच काम करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३मध्ये त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. सोबतीला डायलिसिस. हे सारे विषमाहितीकोशातील मिथेनॉलच्या पानावर लिहिलेले असते. पण उतारा देण्याची वेळ फॉर्मिक आम्ल साचण्यापूर्वीची असते, म्हणजे माणूस घरी पित्ताची गोळी घेऊन पडलेला असतो ते तास.

२०/
मालवणीच्या खटल्यात २०२४मध्ये चौघांना दोषी ठरवून दहा वर्षांची शिक्षा झाली, दहा जण निर्दोष सुटले. विष मिसळणाऱ्याला शिक्षा व्हावी यात दुमत नाही. परंतु ‘दारूनंतर दुसऱ्या दिवशी अंधुक दिसू लागले किंवा धाप लागली तर एक तासही थांबू नका, सोबत प्यालेल्या सर्वांना रुग्णालयात न्या’ हे एक वाक्य वस्तीतल्या प्रत्येक दवाखान्याच्या आणि किराणा दुकानाच्या भिंतीवर लावायला न्यायालयाच्या निकालाची गरज नाही. दारू पिणाऱ्याला उपदेश करायला आपल्याकडे पुष्कळ माणसे आहेत. त्याला ही माहिती देणारे फार थोडे.

२१/
मालवणीचे विष बाटलीत होते. शहराच्या पूर्व बाजूला ते हवेत होते. घाटकोपर-विद्याविहारच्या पट्ट्यात तानसा जलवाहिनीला लागून झोपड्या होत्या. न्यायालयाच्या आदेशानुसार जलवाहिनीभोवतालची जागा मोकळी करायची ठरली आणि २०१७च्या सुमारास अनेक कुटुंबांना चेंबूरजवळच्या माहुलमध्ये सदनिका देण्यात आल्या. पाण्याच्या नळाशेजारून उठवलेली माणसे तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या साठवण टाक्यांशेजारी नेऊन बसवली गेली.

२२/
माहुलच्या हवेविषयी माहिती नव्हती असे म्हणता येत नाही. तेथील जुन्या कोळीवाड्यातील आणि आंबापाड्यातील रहिवाशांची तक्रार हरित लवादापुढे गेलेली होती. केईएम रुग्णालयाने २०१३मध्ये केलेल्या पाहणीत ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा धाप लागत असल्याचे सांगितले होते. या प्रकरणात ज्या रसायनांची चर्चा झाली, त्यांत टोल्यूईन डायआयसोसायनेट हे नाव होते. त्यानंतर चार वर्षांनी नवी कुटुंबे तेथे आणली गेली.

२३/
‘आयसोसायनेट’ हा शब्द पुन्हा आलेला पाहिलात? भोपाळचा वायू याच कुळातला. टोल्यूईन डायआयसोसायनेटच्या पानावर कोश सांगतात की ते श्वसनमार्गाला अतिसंवेदनशील करते. एकदा तसे झाले की पुढे अत्यल्प प्रमाणही दमा उठवू शकते. अमेरिकेतील कामाच्या ठिकाणची त्याची कमाल मर्यादा हवेच्या दहा कोटी भागांत केवळ दोन भाग इतकी आहे. वास जाणवतो तो त्याहून कितीतरी अधिक प्रमाणात. म्हणजे ‘वास येत नाही, तर काळजी कसली?’ हा आपला घरगुती निकष येथे चालत नाही.

२४/
पुढचा क्रम सर्वज्ञात आहे. माहुलला पाठवलेली कुटुंबे विद्याविहारला जलवाहिनीशेजारी धरणे धरून बसली. सप्टेंबर २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही असे सांगून, पर्यायी घर न मिळालेल्या कुटुंबांना मासिक १५,००० रुपये भाडे आणि ४५,००० रुपये अनामत देण्याचा आदेश दिला. १३ ऑगस्ट २०२० रोजी हरित लवादाने माहुल परिसरातील चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई देण्याचा आदेश केला. दोन्ही आदेश महत्त्वाचे आहेत, आणि दोन्ही माणसांनी ती हवा छातीत भरून घेतल्यानंतरचे आहेत.

२५/
कायद्यात मात्र हे सारे आधीच लिहिलेले होते. भोपाळनंतर १९८७मध्ये कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. धोकादायक पदार्थांपासून आरोग्याला असलेल्या धोक्यांची आणि त्यावरील उपायांची माहिती मालकाने कामगारांना, मुख्य निरीक्षकाला, स्थानिक प्राधिकरणाला आणि परिसरातील जनतेलाही दिलीच पाहिजे, असे त्यात आले. १९८९च्या नियमांनी प्रत्येक धोकादायक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक ठेवणे बंधनकारक केले. ते कोणाला पाहता येईल? नियमाचा आशय असा: विनंती केल्यास. पण ज्याला पदार्थाचे नावच ठाऊक नाही, तो विनंती कशाची करणार?

२६/
आणि कोश? तेही सरकत आहेत. १९७१ची सरकारी यादी २००१च्या अखेरीस एका खासगी कंपनीकडे सोपवण्यात आली. आता ती पैसे भरून पाहावी लागते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे ‘टॉक्सनेट’ हे मोफत दालन १६ डिसेंबर २०१९ रोजी बंद झाले. सुदैवाने त्यातील धोकादायक पदार्थांचा कोश ‘पबकेम’वर कोणालाही पाहता येतो. तो इंग्रजीत आहे आणि तज्ज्ञांसाठी आहे. मुलुंड-भांडुपच्या औद्योगिक गाळ्यात पिंपे हलवणाऱ्या मुलाला तो असून नसल्यासारखा.

२७/
यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला, अशी माहिती दुर्जनांच्या हाती पडेल. ती त्यांना आजही उपलब्ध आहे. उपलब्ध नाही ती शेजाऱ्याला. दुसरा, व्यापारी गुपिते फुटतील. टाकीत काय साठवले आहे आणि ते श्वासातून गेल्यास काय करावे, हे सांगितल्याने कृती फुटत नाही. तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: लोक घाबरतील. खरे आहे, काही घाबरतील. परंतु भोपाळमध्ये माणसे नेमक्या कोणत्या दिशेला पळावे हे न कळल्यामुळे वायूच्याच दिशेने धावली. नीट सांगितलेली भीती अंधारातल्या भीतीपेक्षा बरी.

२८/
मग करायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी, आणि तिन्ही महापालिकेच्या आवाक्यातल्या. एक: मुलुंडचा टी, घाटकोपरचा एन, अंधेरीचे के-पूर्व व के-पश्चिम, बोरिवलीचा आर-मध्य, मालाडचा पी-उत्तर, चेंबूर-माहुलचा एम-पश्चिम, अशा प्रत्येक विभाग कार्यालयात त्या विभागात साठवल्या जाणाऱ्या धोकादायक पदार्थांची यादी क्रमांकासह फलकावर लावावी. विनंतीची वाट पाहू नये. पुनर्वसनाची इमारत कोठे बांधायची हे ठरवताना त्या टेबलावर ही यादी असावी.

२९/
दोन: शहरात सर्वाधिक आढळणाऱ्या शंभरेक रसायनांची प्रत्येकी एक पान मराठी आणि हिंदी माहिती. नाव, बाजारी नाव, क्रमांक, अंगावर, डोळ्यांत, श्वासात वा पोटात गेल्यास काय होते, पहिल्या तासात काय करावे आणि काय मुळीच करू नये. तीन: दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये १९९५पासून राष्ट्रीय विषमाहिती केंद्र अहोरात्र चालते. त्याचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७. तो रेशनकार्डावर, गॅसच्या पुस्तकावर आणि पालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात छापलेला असावा, आणि पलीकडून मराठीत उत्तर देणारा माणूस असावा.

३०/
या उपायांनी सारे विष संपेल असा माझा दावा नाही. कोश एकेका रसायनाविषयी बोलतो, माहुलची फुप्फुसे सर्व रसायने एकत्र ओढतात. कोश प्रौढ, निरोगी कामगाराची मर्यादा सांगतो, झोपडीत तान्हे मूल असते. मोजमापाचे यंत्र आणि तपासणारा निरीक्षक नसेल तर फलकही रंगवलेला पत्राच. पण यादीच नसेल तर निरीक्षकाला काय तपासायचे हेही कळत नाही. जे. जे.ची चौदा माणसे, मालवणीची शंभरावर माणसे आणि माहुलची धाप यांच्या किमतीवर ही पाने लिहिली गेली. ती त्यांच्या शेजाऱ्यांना वाचता येतील अशा अक्षरांत आणून देणे हे देणे आपल्यावर थकलेले आहे.

३१/
शेवटी एक विनंती. तुमच्या सोसायटीत गटार मोकळे करण्यासाठी किंवा शौचालय धुण्यासाठी जे ‘अॅसिड’ येते, ते बहुधा जुन्या पाण्याच्या बाटलीत येते आणि त्यावर नाव नसते. पुढच्या सभेत सचिवांना एवढेच विचारा: याचे नाव काय, क्रमांक काय, आणि ते हाताळणाऱ्या माणसाला हे कोणी सांगितले आहे का? जे उत्तर मिळेल ते या धाग्याखाली जरूर लिहा. त्या उत्तरांची यादी करून मी ती पुढच्या धाग्यात, त्या-त्या पदार्थाच्या मराठी माहितीसह, मांडीन.